नववी-दहावीच्या मुलांना फौजदारी कायदा शिकवायचाय? कलमांपासून सुरुवात करू नका

नमस्कार सर. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर शिक्षकांनाही संदर्भ लागेल. खटाव तालुक्यातल्या तुमच्या हायस्कूलमध्ये मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या 60 मुलांसाठी 8 तास दिलेत. विषय फौजदारी कायदा आणि मुलांचे हक्क. तुम्ही इतिहास-नागरिकशास्त्र शिकवता, कायद्याचं शिक्षण घेतलेलं नाही. कोणती कलमं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की दोन पालक येऊन म्हणाले, "असलं काही शिकवलंत तर पोरं शेफारतील, उद्या पोलिसांना उलट बोलतील." त्यांना काय सांगायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी सांगली-मिरजेच्या कोर्टांत 23 वर्षं फौजदारी वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे मोफत वकिलीची कामं येतात आणि शाळांमधली शिबिरंही येतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण कलमांच्या निवडीची नाही. आपल्याकडचं मूल वर्गात येतं तेच मुळी दोनांपैकी एक गोष्ट मनात घेऊन. एक तर घरात ऐकलेलं असतं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. नाही तर सिनेमात पाहिलेलं असतं की पोलिसानं कानाखाली वाजवली की खरं बाहेर येतं. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात आडदांडपणा. मधली वाट त्याला कुणी दाखवलेलीच नसते. एखादी गोष्ट घडली की पुढे काय होतं, कोण येतं, काय लिहिलं जातं, कुठल्या टप्प्यावर आपण काय विचारू शकतो, ही ती वाट. ती दाखवायला 8 तास पुरतात. शिक्षांचे तक्ते पाठ करून घ्यायला 80 तासही पुरणार नाहीत, आणि त्यातून हाती काहीच लागणार नाही.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी शाळेत जाऊन शिक्षाच सांगायची. खुनाला काय, दरोड्याला काय, विनयभंगाला काय. मुलं डोळे विस्फारून ऐकायची आणि मला वाटायचं तास रंगला. तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत तास संपल्यावर नववीतला एक मुलगा माझ्या मागे मागे गेटपर्यंत आला. गाडीची किल्ली लावेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, माझा दादा आत आहे. तीनशे दोन लावलंय. त्याला फाशीच होणार का?" त्याच्या दादाचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्या 40 मिनिटांत मी त्याला काय काय ऐकवलं होतं, ते आठवून मला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून एक नियम केला. समोरच्या वर्गात कुणाचा तरी भाऊ किंवा बाप आत असणार, कुणावर तरी अत्याचार झालेला असणार आणि कुणाच्या तरी घरात पोलीस येऊन गेलेले असणार, हे धरूनच बोलायचं.

तीनशे दोनवरून आठवलं. आकडे सांगायची वेळ आलीच, तर जुने सांगू नका. 1 जुलै 2024 पासून 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाची शिक्षा आता कलम 103 मध्ये आहे. नव्या संहितेत 302 हा आकडा धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचा आहे. चारशे वीस तर उरलंच नाही, कारण संहिता 358 कलमांवर संपते. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनाच कायदा लागतो, म्हणून कोर्टात अजून दोन्ही आकडे ऐकू येतात. मुलांना हा बदल सांगितला की आवडतो. आकडे बदलले तरी त्यामागची माणसं आणि पायऱ्या बहुतेक त्याच आहेत, हेही त्यांना कळतं.

आता वर्गात प्रत्यक्ष काय करायचं. माझा पहिला तास नेहमी सूचना-वहीचा असतो. तास चालू असताना कुणीतरी सूचना-वही घेऊन आत येतं, माझी सही घेतं, जाताना टेबलावरची एखादी वस्तू उचलून नेतं. मी शिकवत राहते. दहा मिनिटांनी मुलांना कोरा कागद काढायला लावते. कोण आलं होतं, अंगात काय होतं, वही कुठल्या हातात होती, काय नेलं? एका वर्गात शर्टाचे पाच रंग निघाले होते. दोघांनी लिहिलं की येणाऱ्यानं माझ्याशी वाद घातला. एका मुलीनं अगदी बरोबर लिहिलं होतं, पण शेजारच्या चौघींचं वेगळं बघून तिनं खोडून त्यांच्यासारखं केलं. तिनं खोडलेली ती ओळ मी फळ्यावर लिहून घेतली. साक्षीदार खोटं न बोलताही कसा चुकतो, एकाचं ऐकून दुसरा कसा बदलतो, जबाब लगेच आणि वेगवेगळा का घ्यायचा, आणि संशयाचा फायदा आरोपीला का द्यायचा, हे सगळं त्या एका ओळीवरून सांगता आलं. 'गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष' हे वाक्य पाठ करून घेतलं असतं, तर परीक्षेपुरतं राहिलं असतं.

पण एक काळजी घ्या. पहिल्या वेळी मी हे शाळेच्या शिपाईमामांना करायला सांगितलं होतं. ते बिचारे हौसेनं तयार झाले. आठवड्यानं पुन्हा त्या शाळेत गेले तर मुलं त्यांना मधल्या सुट्टीत "चोर, चोर" म्हणत होती. मी सगळ्या वर्गासमोर त्यांची माफी मागितली आणि तोच त्या दिवसाचा धडा केला. नुसता आरोप, तोही खोटाखोटा, तरी शिक्का बसला. मग गावात ज्याला खरंच एकदा पोलीस घेऊन जातात आणि चार दिवसांनी सोडतात, त्याचं काय होत असेल? त्यानंतर हे काम मी क्रीडाशिक्षकांना किंवा माझ्या एखाद्या सहकारी वकिलाला देते. ज्याला मुलं चिडवू शकतात, त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

दुसरा तास फिर्यादीचा. मुलांना सायकल चोरीला गेल्याची फिर्याद लिहायला लावा. पहिला मसुदा हमखास "माझी सायकल चोरीला गेली आहे, तरी कृपया शोधून द्यावी" असा येतो. मग विचारत जायचं. कधी? कुठून? शेवटची कुणी पाहिली? रंग कोणता, कंपनी कोणती, ओळखण्याची खूण काय? कुणावर संशय आहे, की उगीच एखाद्याचं नाव घेताय? तिसऱ्या मसुद्यापर्यंत मुलं खरंच चांगली फिर्याद लिहितात. तिथेच दखलपात्र आणि अदखलपात्र हा फरक सांगा. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या वस्तूची चोरी, मारहाणीत गंभीर दुखापत, छेडछाड असल्या दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतः तपास सुरू करतात. साध्या शिवीगाळीसारख्या अदखलपात्र तक्रारीची एन. सी., म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते आणि तपासाला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. गावात अर्धे लोक "पोलिसांनी काहीच केलं नाही" म्हणतात, त्याचं एक कारण या फरकात आहे, तो माहीत असायला हवा. मात्र गुन्हा दखलपात्र असेल तर तो नोंदवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात ठरवून दिलंय. काही गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा नव्या संहितेत आहे, तेवढा अपवाद सांगून ठेवा. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यात घेतलीच नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. एवढी साखळी मुलांना सांगता आली की दुसरा तास सार्थकी लागला.

पालकांच्या भीतीचं उत्तर तिसऱ्या तासात आहे. हा तास पोलिसांशी बोलण्याचा. मी मुलांना तीन वाक्यं मोठ्यानं म्हणायला लावते, दोघादोघांच्या जोड्या करून. "साहेब, मला कशासाठी बोलावलंय?" "माझं वय पंधरा आहे." "माझ्या घरी फोन करू द्या." आवाज चढवायचा नाही, पळायचं नाही, हिसकाहिसकी करायची नाही. खोटं नाव सांगायचं नाही. बस्स. पालकांना ही तीन वाक्यं वाचून दाखवा आणि विचारा, यात उलट बोलणं कुठं आलं? मी एका पालकसभेत असंच केलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "हे मला माहीत असतं तर बरं झालं असतं."

वाक्यांमागचा आधार तुम्हाला ठाऊक असावा. कशासाठी अटक होतेय हे जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हेही तिथेच आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे अनुच्छेद 20 मध्ये. 15 वर्षांखालच्या मुलाला, 60 वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कुठल्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावून घेता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. तपासात साक्षीदाराच्या घेतलेल्या जबाबावर पोलिसांना सही घेता येत नाही. हे शेवटचं मी मोठ्या माणसांनाही सांगून सांगून दमले, तरी पक्षकार येऊन म्हणतातच, "मॅडम, सही घेतली."

18 वर्षांखालचं मूल गुन्ह्यात सापडलं, तर त्याला सरकारी भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. बालन्याय कायदा 2015 प्रमाणे त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांत बालन्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्या मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी बाई. आईवडिलांना कळवावं लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापता येत नाही. तुमच्या कामाची गोष्ट अशी की वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला सगळ्यांत आधी पाहिला जातो. शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंदाजानं लिहिलेली असेल तर एखाद्या मुलाचं आयुष्य त्यावर फिरू शकतं. मी अशी केस लढलेय. जनरल रजिस्टरकडे जरा आदरानं बघा.

पण सांगायची दुसरी बाजूही आहे. 16 ते 18 मधल्या मुलानं अतिशय गंभीर गुन्हा केला, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. "अजून अठरा नाही, आपल्याला काय होतंय" असं पोरांना मोठी माणसंच शिकवतात आणि पुढे करतात. हे वर्गात स्पष्ट बोला.

इथं एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मी तुम्हाला लांबून ठरवून देऊ शकत नाही. तुमच्या वर्गात फासेपारधी वस्तीवरची किंवा ऊसतोडीच्या टोळीतली मुलं असतील, तर 'पोलीस आपले मित्र' हे वाक्य त्यांच्यासमोर नुसतं म्हणून चालणार नाही. 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण चोरी झाली की आधी त्यांच्याच पालावर धाड पडते हे त्या मुलांनी पाहिलेलं असतं. अशा वर्गात मी आधी त्यांचं ऐकून घेते आणि मोफत वकील कुठं मिळतो यावर जास्त वेळ देते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन 15100. तुमच्याकडे वडूजच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करता येईल.

आता जमावाचा विषय. आपल्या भागात तो टाळून चालत नाही, कारण कुणीतरी पोर उठून म्हणतंच, "मॅडम, कोर्ट कशाला? पत्री सरकारासारखं करायचं, चोर सरळ होतो." त्याला गप्प बसवू नका. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार हा त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. 1943 ते 46 च्या त्या काळात परक्या सरकारच्या कोर्टावर लोकांचा भरवसा नव्हता, म्हणून गावोगाव न्यायदान मंडळं बसली. पण तिथेही लोकांचं ऐकून निवाडा करायचा होता, हे मुलांना विचारत विचारत सांगा. मग सप्टेंबर 2022 मधली जत तालुक्यातल्या लवंगा गावची घटना सांगा. उत्तर प्रदेशातून देवदर्शनाला आलेले चार साधू गाडीतून जाताना एका मुलाला रस्ता विचारायला थांबले. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं त्यांना पट्ट्या-काठ्यांनी मारलं. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. मी मुलांना विचारते, त्या गर्दीतल्या एकानं काय विचारायला हवं होतं? एका वर्गात एक मुलगी म्हणाली, "आधी 112 ला फोन लावायचा आणि गाडीच्या पुढे उभं राहायचं, म्हणजे ते पळणार नाहीत आणि गर्दीला त्यांना मारता येणार नाही." मला याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं.

मोबाईल आणि गाडी यांवर एक तास पुरे. 18 वर्षांखालच्या कुणाचाही नको तसा फोटो काढणं, ठेवणं, पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, मग तो "तिनंच पाठवला होता" तरी. कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, पुरावा पुसायचा नाही, घरी किंवा शिक्षकांना सांगायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन. गाडीचं एवढंच सांगा की अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकावर किंवा मालकावर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येऊ शकते, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. हे ऐकून दुचाकीच्या किल्ल्या घरी राहतात असा माझा अनुभव आहे.

शिक्षा सांगू नका म्हटलं, पण एका ठिकाणी मी आकडा मुद्दाम सांगते. तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत जबरदस्ती नसते, पळून गेलेली जोडी असते. मुलगा एकोणीसचा, मुलगी सतराची. कायद्याच्या लेखी 18 खालच्या व्यक्तीची संमती म्हणजे संमती नाही. शरीरसंबंध आले असतील तर कमीत कमी 10 वर्षं, आणि वय 16 च्या खाली असेल तर कमीत कमी 20 वर्षं. लाजत लाजत, फिरवून फिरवून सांगितलं तर मुलांना काहीच कळत नाही. सरळ सांगा, मुलामुलींना एकत्र बसवून सांगा, आणि प्रेमाला वाईट न म्हणता सांगा. ते वाईट म्हटलं की ऐकणं तिथेच थांबतं.

या तासाआधी तुमची स्वतःची तयारी हवी. तास संपल्यावर एखादी मुलगी, किंवा मुलगाही, थांबून तुम्हाला काही सांगेल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याची जबाबदारी आहे, लपवलं तर शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखानं लपवलं तर जास्त. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे तुमचं काम संपत नाही. शाळेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण आत मिटवण्याचा दबाव येतो, मी तो एका संस्थेत जवळून पाहिलाय. आणि त्या मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्यानं सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा ठाण्यात कळवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्य तिथं महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. हे त्याला त्याच वेळी सांगितलं तर त्याची अर्धी भीती जाते.

शेवटचे दोन तास जोडून घ्या आणि मुलांना वडूजच्या कोर्टात न्या. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र तालुका विधी सेवा समितीला पंधरा दिवस आधी द्या. खटले खुल्या कोर्टात चालतात, बसून ऐकता येतं, पॉक्सोचे मात्र बंद दाराआड. साठ मुलं एकदम नेऊ नका, वीस-वीसच्या तुकड्या करा. त्यांना निकाल बघायला मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा पुढची तारीख पडताना दिसेल. तेही दिसू द्या. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीत कसा गडबडतो हे दिसलं, तर सूचना-वहीचा तास त्यांना आपोआप आठवेल.

तर क्रम असा धरा : साक्ष, फिर्याद, पोलिसांशी बोलणं, जमाव, मोबाईल-गाडी, वयाची रेघ म्हणजे पॉक्सो, मग कोर्ट. त्यातला कुठला तास लांबेल हे मुलं ठरवतील. म्हणून पहिला तास सुरू करण्याआधी एक पुठ्ठ्याचा खोका वर्गात ठेवा आणि नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगा. त्या तुम्ही एकट्यानंच वाचा. ज्या प्रश्नांची उत्तरं देता येणार नाहीत, ते कुणाचं नाव, गाव, ओळख कळणार नाही असे लिहून मला पाठवा. मी रविवारी बसून एकेकाचं उत्तर लिहीन. आणि एखाद्या चिठ्ठीत मूल आत्ता संकटात आहे असं वाटलं, तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी 1098 ला फोन करा.